मागच्या बाकावरचा पाशिंजर

घरी भिंतीएवढा नकाशा आणणं हा काही गुन्हा नव्हे. मेघा त्या रविवारी औरंगपुऱ्यात गेली ती तेवढ्याच कामाला. दुकानदारानं विचारलं, "महाराष्ट्राचा देऊ का जगाचा?"

"मधला द्या," मेघा म्हणाली. "आशियाचा. मोठ्यात मोठा."

"परीक्षेला बसायलात का मॅडम?"

"नाही हो, फिरायला चाललोय. थायलंड, लाओस, जावा... चार आठवडे." हे तिनं जरा मोठ्यानंच सांगितलं, शेजारी वह्या घेणाऱ्या बाईलाही ऐकू जावं म्हणून. खोटं कशाला बोला, तिला सांगायचंच होतं. चितेगावच्या कारखान्यात माल तपासता तपासता तिनं सुट्ट्या साठवल्या, पगार साठवला, आणि आता आईला नि भावाला घेऊन ती परदेशी निघाली होती. घराण्यात आजवर विमान पाहिलं ते सगळ्यांनी खालूनच. अशा वेळी माणसानं हळू बोलावं तरी कशाला?

घर पहाडसिंगपुऱ्यात. ओसरीत बसलं की मकबऱ्याचे मिनार दिसतात आणि त्यांच्या मागं लेण्यांचा डोंगर. ओसरी साधी, पत्र्याची. पण तिथं बसायला जे आहे तसं अख्ख्या गल्लीत कुणाकडं नाही. एका टूरिस्ट बसचं मागचं लांबलचक बाक आहे ते, निळ्या रेक्झिनचं, पाच माणसं ऐसपैस मावतील असं. ती बस मेघाच्या वडिलांची, म्हणजे कचरू ड्रायव्हरची. मालकी दुसऱ्याची, पण गाडी त्यांचीच म्हणायची. उभा जन्म त्यांनी परदेशी यात्रेकरूंना वेरूळ-अजिंठा दाखवण्यात घालवला. बस चिकलठाण्याला भंगारात निघाली तेव्हा मालकानं विचारलं, कचरू, आठवण म्हणून काय देऊ, घड्याळ देऊ का? हे म्हणाले, "घड्याळ ऱ्हाऊ द्या. मागचं बाक द्या."

आणि त्या माणसाची रीत काय सांगावी! गाडी सुरू करायच्या आधी मान न वळवता खड्या आवाजात विचारायचे, "सगळे आले का?" मागच्या बाकावरच्या शेवटच्या माणसानं "आलो!" म्हटल्याशिवाय गियर पडायचा नाही. मग तो जपानचा असो, श्रीलंकेचा असो, थायलंडचा असो. 'आलो' मराठीतच म्हणायचं, आणि ते पहिल्या दिवशी चहाबरोबर शिकवून व्हायचं. एकदा 'आलो' म्हटलं की तो माणूस गाडीचा झाला, त्याला त्याच्या मुक्कामी पोचवीपर्यंत ड्रायव्हरची सुटका नाही. "अर्ध्या आशियाला मराठी शिकवलीय ह्या कचरूनं," असं छाती फुगवून सांगायचे. स्वतः मात्र ते कधी 'आलो' म्हणाले नाहीत. ड्रायव्हरनं विचारायचं असतं, उत्तर द्यायचं नसतं.

पुढं कधीतरी ही रीत त्यांनी अचानक बंद केली. पुंडलिक नावाचा त्यांचा क्लीनर होता, त्याला सांगायला लागले, "आवाजावर जाऊ नको, डोकी मोज." पोरं शाळेच्या सहलीला निघाली तरी हेच सांगायचे. का, ते कुणाला सांगितलं नाही. बाक ओसरीत आल्यावर दुसरा एक नियम आला. त्याच्या उजव्या कोपऱ्यात कुणी बसायचं नाही. पाहुणा कितीही मोठा असो, हे हात आडवा घालायचे, "तिथं नको, स्प्रिंग तुटलीय." मोठी माणसं ऐकायची, पोरं हळूच बसून बघायची आणि एक धपाटा खाऊन उठायची. गंमत अशी की जिथं कुणी बसत नव्हतं, नेमकं तिथलंच रेक्झिन झिजून पांढरं पडलं होतं.

निवृत्त झाल्यावर कचरू ड्रायव्हरनं पासपोर्ट काढला. कशाला, विचारलं तर हसायचे, "एकाला सोडून यायचंय." लोकांना वाटायचं, म्हातारा चेष्टा करतोय. मग एका सकाळी अंगण झाडता झाडता छातीत कळ आली आणि गेले. पासपोर्ट कोराच राहिला. मेघानं त्याच दिवशी मनाशी ठरवलं होतं, बापानं जी माणसं आपल्या दारात आणली, त्यांच्या दारात आपण जायचं.

तर असा तो नकाशा ओसरीच्या भिंतीवर लागला, बाकाच्या बरोबर वर.

बेत आखण्यात मेघाचा हात कुणी धरणार नाही. डिसेंबरात डोंगरात थंडी, जावाला पाऊस, बेटांवर मात्र ऊन. एक धरलं की दुसरं सुटायचं. आईला, म्हणजे भामाबाईंना, जावातला बोरोबुदुरचा स्तूप बघायचा होता. विहारातल्या कॅलेंडरवर तो त्यांनी बारा महिने पाहिला होता. धाकटा सम्यक औषधाच्या दुकानात कामाला, त्याला बेटं हवी होती, निळं पाणी आणि फोटो. मेघाला सगळंच हवं होतं. आईच्या गुडघ्यांसाठी तिनं चियांग माईहून लुआंग प्रबांगला सरळ विमान धरलं होतं.

"ताई, आई तिथं खाईल काय?" सम्यक म्हणाला.

"भात खाईन की," भामाबाई मेथी निवडत म्हणाल्या. "भात तर तिथंबी भातच असंल. ठेचा न्यायचा डब्यात. लई विचार करायलास तू."

गावागावांवर रंगीत टाचण्या टोचून झाल्या. आता वाट दाखवायला दोरा पाहिजे होता. मेघानं इकडं तिकडं बघितलं, आणि बुद्धमूर्तीजवळच्या फडताळातून पांढऱ्या दोऱ्याची गुंडी उचलली. वडिलांच्या मरणानंतरच्या पुण्यानुमोदनाला घरी परित्राण पाठ झाला होता, त्यातला उरलेला रक्षणाचा दोरा. भंतेजींपासून शेवटच्या माणसापर्यंत सगळ्यांच्या हातातून फिरलेला. भामाबाईंनी पाहिलं नाही, नाहीतर तिथंच हात धरला असता.

दोरा टाचणीला टाचणी गुंडाळत बँकॉकवरून निघाला, डोंगरात चढला, खाली उतरला, समुद्र ओलांडून बेटांवर टेकला. दिवेलागणीची वेळ झाली होती. मिनारांवरचं ऊन उतरलं होतं. तो दोरा बघून मेघाचा ऊर असा भरून आला की काय करावं कळेना. बाबा असते तर! ती नकाशासमोर उभी राहिली, कमरेवर हात ठेवले आणि अगदी बापाच्या थाटात, मान न वळवता, खड्या आवाजात म्हणाली,

"सगळे आले का?"

मागं बाकाची स्प्रिंग कुरकुरली.

"आ... लोऽऽ."

आवाज अंगावर येणारा नव्हता. उलट समाधानाचा होता. 'आ' वर जरासा थांबलेला आणि 'लो' लांबवत वर नेलेला. मेघाला वाटलं, सम्या नाटकं करतोय. ती हसत वळली. सम्यक दारात उभा होता, हातात पाण्याचा तांब्या, तोंड उघडं. बाकावर डाव्या टोकाला भामाबाई. मध्ये मेथीच्या जुड्या. उजव्या कोपऱ्यात कुणी नव्हतं.

"मी नाही बोललो," सम्यक म्हणाला. "ताई... आईशप्पथ मी नाही..."

भामाबाई किंचाळल्या नाहीत की उठल्या नाहीत. हातातली काडी मोडून टाकत एवढंच म्हणाल्या, "कुणी सांगितलं होतं गं तुला विचारायला?"

त्या रात्री दोघं भावंडं जेवली नाहीत, आणि सकाळी उठली ती वेगळीच हवा घेऊन. आता ह्या घरात भूतबित कुणी मानत नाही. बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञा भिंतीवर लावलेल्या. गल्लीत कुणाला 'लागलं' म्हणून अंगाऱ्याची भाषा झाली तर कचरू ड्रायव्हर त्याला आधी डॉक्टरकडं न्यायचे. पण बाप म्हणजे काही भूत नव्हे ना! सम्यक चहा पिता पिता म्हणाला, "ताई, बाबाच होते," आणि दोघांच्याही डोळ्यांत पाणी आलं. भीती कुठल्या कुठं पळाली. बाबा आपल्याबरोबर येणार. पासपोर्ट कोरा राहिला म्हणून काय झालं? मेघा दिवसभर कारखान्यात मान ताठ करून वावरली. आईला सांगितलं तर आई म्हणाली, "बघू," आणि विषय बदलला.

मग दोरा सरकायला लागला.

पहिल्यांदा मेघाला वाटलं वाऱ्यानं निघाला असेल. चियांग माईच्या टाचणीपासून लुआंग प्रबांगपर्यंत ताठ बांधलेला दोरा सैल होऊन खाली झुकला होता. तिनं पुन्हा बांधला. कामावरून आली तर पुन्हा सुटलेला, आणि आता नुसता झुकलेला नव्हता, मेकाँग नदीच्या निळ्या रेघेवर वळणावळणानं चिकटलेला. एक पिवळी टाचणी तिच्या जागेवरून निघून नदीच्या काठी, डोंगराच्या एका बेचक्यात रुतली होती. तिथं नकाशावर गावाचं नाव नव्हतं.

"सम्या, टाचण्यांशी खेळायलास का?"

"मला काय लहान समजली का तू? मीच तुला विचारणार होतो."

तिनं टाचणी काढून डबीत ठेवली. संध्याकाळी ती पुन्हा त्याच बेचक्यात होती. ओसरीला एक वास यायला लागला. आधी ओल्या लाकडाच्या धुराचा, आणि मग त्याच्यातून चाफ्याचा. हिवाळ्याचे दिवस, गल्लीतला एकुलता एक चाफा खराट्यासारखा उभा. भर थंडीत चाफा कुठून दरवळतो, हे विचारायचं कुणाला? शेजारची मांजर बाकावर झोपायला यायची, ती आता ओसरीच्या पायरीवर बसून कोपऱ्याकडं बघत राहायची.

एका संध्याकाळी मेघा मुद्दाम समोर बसली. बाबा असतील तर बापाला काय भ्यायचं, असं स्वतःला बजावत. वारा पडलेला होता. बराच वेळ काही झालं नाही. मग दोरा थरथरला, एक टोक कुणी हलक्या हातानं ओढून बघावं तसा. पिवळी टाचणी आपली आपण फिरली आणि कागदात आणखी खोल गेली. बाकाचा कोपरा हळूहळू खाली दबला. कुणीतरी पुढं वाकून, नीट दिसावं म्हणून, नकाशाजवळ येत होतं...

आणि तेव्हा, मेघाच्या मनात ते आलं. एवढी साधी गोष्ट आपल्याला आधी का सुचली नाही, ह्याचंच तिला नवल वाटलं.

बाबा 'आलो' कधीच म्हणायचे नाहीत. विचारणारे ते. मग उत्तर देणारं हे कोण?

ती उठून सरळ स्वयंपाकघरात गेली. भामाबाई भाकरी थापत होत्या. लेकीचा चेहरा बघून त्यांनी तवा उतरवला आणि हात पुसले.

"आई... कोपऱ्यात बाबा नाहीत."

"नाय," भामाबाई म्हणाल्या. "ते कशाला बसतील मागं?"

"मग कोण आहे? भूत आहे का आई?"

"भूत म्हणू नको!" भामाबाई एकदम तडकल्या. "तुझे बाबा असते तर तोंडात मारली असती. पाशिंजर हाय तो. त्यांचा पाशिंजर."

मग त्यांनी सांगितलं. चुलीजवळ, पाटावर बसून, आवाज न चढवता.

"तू शाळंत होतीस तवा. थायलंडची यात्रा आली होती. तिच्यात एक म्हातारा, वरच्या डोंगराकडचा, पार नदीपल्याडचा. एकटाच आलेला. बाकीच्यांनाबी त्याची बोली धड कळत नव्हती. पण 'आलो' म्हणायला शिकला आन लई खूश झाला. रोज मागच्या कोपऱ्यात बसायचा आन असंच लांबवून म्हणायचा. अजिंठ्याला त्या निजलेल्या बुद्धासमोर बसला, तो बसलाच. उठवायला गेले तर अंग गार. इथंच अग्नी दिला त्याला, तुझ्या बाबांनी खांदा दिला. राख मंडळींनी संगं घेतली, विमानानं न्यायला. दुसऱ्या दिशी त्याच मंडळींना सोडायला निघाले, आन सवयीनं विचारलं, सगळे आले का..."

"आणि?"

"आन मागनं उत्तर आलं. राख गेली गं, माणूस गाडीतच ऱ्हायला. मंग रोज. गाडी रिकामी असली तरी. मी म्हणलं, अहो, कुणाला तरी दाखवा, हे भूतबित असंल. तर माझ्यावर लई चिडले. म्हणले, भूत म्हणू नको भामा, त्यानं आलो म्हणलंय माझ्या गाडीत. त्याला घरी सोडल्याबिगर मी कसला ड्रायव्हर?"

"मग विचारायचं बंद का केलं त्यांनी?"

"लाज वाटायची त्यांना. रोज विचारायचं, त्यानं रोज आलो म्हणायचं, आन न्यायचं कुठंच नाय." भामाबाईंनी पदरानं डोळे टिपले. मग त्यांना हसू आलं, लाजल्यासारखं. "मला कधी बसू नाय दिलं त्या कोपऱ्यात. जन्मभर लोकांना फिरवलं, मला एकदा वेरूळला नेलं तेवढंच. म्हणायचे, ह्याला पोचवला की तो कोपरा तुझा, भामा. मंग तुला न्यायला येतो. लई लांब फिरवतो. तवर थांब."

सम्यक दारात उभा राहून सगळं ऐकत होता. तो घाबरला होता, आणि का घाबरू नये? "ताई, आपण नको जाऊया," तो म्हणाला. "नाहीतर बाक टाकून देऊ. हर्सूलच्या भंगारवाल्याला फोन करतो मी."

मेघाला खरं म्हणजे हेच म्हणायचं होतं. पण तिच्या तोंडून दुसरंच निघालं. "बाबांनी भंगारातून वाचवून आणलेला माणूस मी भंगारात घालू? अरे, अर्ध्या आशियानं विश्वासानं पाठ टेकली त्यांच्या गाडीत. एक माणूस पोचवायचा राहिला, तो आपण पोचवायचा. विमान रद्द. नदीनं जाऊ, होडीनं. आई, तुझे गुडघे?"

"गुडघ्यांचं मी बघते," भामाबाई म्हणाल्या. त्यांची मान त्या क्षणी अशी काही वर झाली होती की सम्यकनं फोन खिशातच ठेवला. त्या तिघांना तेव्हा एकच गोष्ट दिसत होती. कचरू ड्रायव्हरनं दिलेला शब्द आता त्यांच्या गळ्यात होता.

मेघा ओसरीत गेली. तिनं चियांग माईपासून पिवळ्या टाचणीपर्यंत दोरा नदीच्या रेघेवरून नीट नेला आणि घट्ट गुंडाळला. त्यानंतर तो सरकला नाही. चाफ्याचा वास तेवढा निघण्याच्या दिवसापर्यंत राहिला.

निघायच्या दुपारी पुंडलिकमामा, तोच जुना क्लीनर, आपली टॅक्सी घेऊन आला. अख्खी गल्ली जमली होती. शेजारच्या मनकर्णाबाईंनी भामाबाईंना पांढरं फूल दिलं, कुणी दही दिलं, पोरांनी "जयभीम"चा गजर केला. भामाबाई निळ्या काठाची नवी साडी नेसून, कुण्या राज्याच्या राणीसारख्या सगळ्यांचा निरोप घेत होत्या. सामान चढलं. सम्यक पुढं बसला, आई नि मेघा मागं. पुंडलिकमामानं एकेक दार लावलं. मग तो वळसा घालून मेघाच्या बाजूला आला, लावलेलं दार पुन्हा उघडलं, अदबीनं बाजूला झाला, जरा थांबला आणि हळूच लावून घेतलं. मेघा आईकडं सरकली. तिच्या मांडीशी गार हवा येऊन बसली.

चिकलठाण्याच्या विमानतळावर, मग मुंबईला, मग बँकॉकला, प्रत्येक वेळी निघताना मेघा ओठातल्या ओठात विचारायची, "सगळे आले का?" डोकी मोजली तर तीन. आणि मागून, कधी रिकाम्या खुर्चीवरून, कधी सामानाच्या फळीखालून, "आ... लोऽऽ." जसजसे डोंगर जवळ यायला लागले तसतसा तो आवाज तरुण होत चालला. शेवटच्या दिवशी तर तो जवळजवळ हसत होता.

होडी लांबट, लाकडी, दोन दिवसांची. नदी मातकट, दोन्ही काठांना धुकं. दुसऱ्या दिवशी सकाळी एका वळणावर कुणी न सांगता होडी काठाला लागली. वर डोंगराच्या बेचक्यात एका विहाराचं उतरतं छप्पर, चार घरं आणि काठापर्यंत आलेल्या दगडी पायऱ्या. तिथं उतरणारं कुणी नव्हतं, चढणारंही नव्हतं. सगळ्यांत खालच्या पायरीवर एक जख्ख म्हातारी बसली होती. तिनं होडीकडं पाहिलं. मग जराशी सरकली आणि आपल्या शेजारची जागा हातानं पुसली. ओल्या लाकडाचा धूर येत होता, आणि चाफा.

होडी सुटली. मेघानं विचारलं, "सगळे आले का?"

इंजिनाच्या आवाजाशिवाय काही ऐकू आलं नाही. तिनं पुन्हा विचारलं. काही नाही.

"पोचला," भामाबाई म्हणाल्या. आणि मग सगळ्या होडीला ऐकू जाईल अशा आवाजात, मराठीत, "कचरू ड्रायव्हरचा पाशिंजर पोचला!" लोकांना काय कळलं कोण जाणे, पण दोघंचौघं उठून हात जोडून वाकली. सम्यक रडत होता आणि रडता रडता फोटो काढत होता. आपल्या बापाइतका मोठा माणूस ह्या नदीवर दुसऱ्या कुणाचा नसेल, असं मेघाला वाटलं, आणि ते तिनं बोलूनही दाखवलं.

उरलेली सहल कशी गेली विचारू नका. बोरोबुदुरला भुरभुर पावसात भामाबाई एकेक पायरी वर चढल्या आणि वर गेल्यावर त्यांनी त्रिशरण म्हटलं तेव्हा जपानी पाहुणेही थांबून ऐकत होते. बेटावर त्यांनी साडी खोचून समुद्रात पाय घातले. गुडघे म्हणून दुखले नाहीत. "लई हलकं वाटायलंय गं," त्या रोज म्हणायच्या. मेघाला त्याचंही कौतुक वाटायचं. हलकं वाटणं म्हणजे बरंच की.

परतले तेव्हा दिवेलागण होत होती. पुंडलिकमामानं सामान उतरवलं, गल्लीतल्यांनी हार घातले, सगळं ऐकून घेतलं आणि आपापल्या घरी चहाला गेले. तिघं ओसरीत आली. नकाशा होता तसाच होता. बाक मात्र बदललं होतं. उजव्या कोपऱ्यातला दबलेला भाग वर आला होता, गुबगुबीत, काल बसवल्यासारखा. झिजलेलं रेक्झिन निळंशार झालं होतं.

"बघ," भामाबाई म्हणाल्या. "मोकळं झालं." आणि कुणी काही बोलायच्या आत त्या सरळ जाऊन त्या कोपऱ्यात बसल्या. जन्मात पहिल्यांदा. पाय वर घेतले, पदर सावरला आणि खिडकी असावी तसं बाहेर बघायला लागल्या. काय दिसत होत्या! मेघाला वाटलं, फोटो काढावा.

ती फोन काढायला वाकली तेव्हा तिला वास आला. ह्या वेळी चाफ्याचा नव्हता. डिझेलचा होता, आणि तंबाखू-चुन्याचा. फाटकाबाहेर, पूर्वी बस उभी राहायची तिथली, गल्लीतली माती हळूहळू थरथरायला लागली. पत्रा वाजला. नकाशावरचा दोरा टाचण्यांवरून एकेक करून सुटत आला आणि त्याचं मोकळं टोक भामाबाईंच्या मांडीवर येऊन पडलं. त्यांनी ते बोटात धरलं.

फाटकाकडून, मान न वळवता विचारावा तसा, खड्या आवाजात प्रश्न आला,

"सगळे आले का?"

मेघानं झेप घेतली आणि आईच्या तोंडावर हात दाबला. दोन्ही हात दाबले. सम्यकला ओरडून म्हणाली, बोलू नको, काही बोलू नको... बाहेर इंजिन चालूच होतं. ते वाट बघत होतं, आणि कचरू ड्रायव्हर पाशिंजर घेतल्याशिवाय कधी निघाला नव्हता.

तळहाताखाली तिला आईचे ओठ लागत होते. ते हसत होते. आणि हळूच, 'आ' म्हणायला, उघडत होते.